रेघेमागचं पान

मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराचा फोन आला तेव्हा भिंगवाली पालेभाजी निवडत बसली होती.

"मॅडम, एक बारीकशी शंका होती," तो म्हणाला. "ती रेघ. बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा फिकी आहे. आणि तिच्या कडा मऊ आहेत. बाकीची अक्षरं बघा, ब्लेडने कापल्यासारखी. ही एकटीच डोळे चोळत उठल्यासारखी दिसते. गडद करून घेऊ?"

"हात लावू नका तिला. पुरावा आहे तो."

"असेल, पण मुखपृष्ठावर वीतभर होणार. लोक म्हणतील छपाई फसली."

"म्हणू देत."

"बरं. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका म्हणजे झालं."

फोन ठेवून तिने पुन्हा भाजी हातात घेतली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की पानं कचऱ्याच्या डब्यात चालली आहेत आणि देठं पातेल्यात.

भिंगवाली हे नाव तिला सासूबाईंनी दिलेलं. जुनी हस्तलिखितं वाचणं हा तिचा व्यवसाय, आणि लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पर्समध्ये कायम एक भिंग असायचं. आता ते कुठल्या खणात पडलं होतं देव जाणे. ग्रंथालयं हस्तलिखितांच्या पानापानाचे फोटो काढून ठेवतात. ते ती उतरवून घ्यायची आणि बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून, एकेक अक्षर ताटाएवढं मोठं करून बघायची. भिंग गेलं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं नवं पुस्तक ज्या हस्तलिखितावर उभं होतं, ते झाडपाल्याच्या औषधांचं होतं, कित्येक शतकांपूर्वीचं, आणि दूरच्या एका शहरातल्या ग्रंथालयात होतं. तिने ते कधी हातात घेतलं नव्हतं. एकदा मागितलं होतं. ग्रंथालयाने नम्रपणे कळवलं, की कागद ठिसूळ झाला आहे, फोटो उत्तम आहेत, तेव्हा मूळ प्रत कशाला? तिलाही ते पटलं होतं.

त्या हस्तलिखिताच्या शेवटी, औषधं संपल्यावर, नक्कल करणाऱ्याने, म्हणजे लहियाने, स्वतःची एक ओळ लिहिली होती: चुकलं असेल तर हसू नका, हे पुस्तक मी लिहून पुरं केलं. त्या जुन्या भाषेत क्रियापदाच्या शेपटापुढे, किंचित अंतर सोडून, एक आखूड आडवी रेघ असली की करणारी बाई असते. रेघ नसली की पुरुष. ज्याने ग्रंथालयाची जुनी सूची केली, त्याने लहिया पुरुष धरला होता. भिंगवालीला मात्र फोटोत रेघ दिसली. जिथे असायला हवी नेमकी तिथे.

त्या एका रेघेने तिचं आयुष्य पार बदललं, असं म्हणणं जास्त होईल. पण तिच्या व्याख्यानांना खुर्च्या कमी पडू लागल्या हे खरं. ग्रंथालयाने दाराशी त्या बाईची पाटी लावली. शाळांच्या सहली येऊ लागल्या. आता पुस्तक छापायला जाणार होतं. प्रकाशक म्हणजे तिची कॉलेजातली मैत्रीण. तिने आज संध्याकाळपर्यंत शेवटचा होकार मागितला होता, कारण छापखाना उद्यापासून दुसऱ्याच कामाला लागणार होता. मुखपृष्ठावर ना फुलं ना पानं. फक्त ती रेघ.

आणि घरात सासूबाई होत्या. लहियाचं स्त्रीलिंग काय करायचं, हा पेच त्यांनीच सोडवला होता. "लहियीण," त्या म्हणाल्या होत्या, "त्यात काय अवघड आहे?" तेव्हापासून रोज सकाळी चहाला बसल्या की त्या विचारायच्या, "काय म्हणतेय आपली लहियीण?" जणू ती शेजारच्या घरात राहते आणि तिची तब्येत जरा नरम आहे.

त्याला कारणही होतं. सासरे मोठे विद्वान. त्यांचं अक्षर असं, की दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच लागत नसे. त्यांच्या प्रत्येक ग्रंथाची छापायला द्यायची प्रत सासूबाईंनी हाताने लिहून काढली होती. प्रत्येक प्रस्तावनेच्या शेवटी एक वाक्य असायचं, 'घरच्यांचेही आभार.' सासूबाई त्यावर बोट ठेवून दाखवायच्या. "त्या 'ही'मध्ये मी आहे," म्हणायच्या. त्या हे हसून म्हणत, आणि ऐकणाऱ्याला कुठे बघावं कळत नसे.

भिंगवालीने आपलं पुस्तक अर्पण केलं होतं ते असं: 'त्या लहियिणीला आणि आईंना.' ते वाचून सासूबाईंनी तो कागद मागून घेतला होता आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला होता.

भाजी तशीच टाकून भिंगवाली कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली. चित्रकाराला काय कळतंय, असं स्वतःशी म्हणत तिने ती रेघ उघडली. फिकी होती. हे तिला आधीही माहीत होतं. बोरूतली शाई ओळीच्या शेवटाला संपत आलेली असते, म्हणून फिकी. तसं तिने पुस्तकात तळटीप घालून लिहिलंही होतं. पण कडा? शाई संपली तर रेघ कोरडी पडते, खरवडल्यासारखी होते. मऊ होत नाही.

ती उठली. गॅसवर चहा ठेवला. खिडकी उघडली, रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, म्हणून लावली. परत टेबलाशी आली. चहा उतू गेला. तो पुसताना तिला वाटलं, कॅमेऱ्याचा दोष असेल. मग त्याच पानावरची दुसरी अक्षरं तपासायला हवीत. तपासली. शेजारचं अक्षर स्वच्छ, खालचं स्वच्छ, वरचं इतकं स्वच्छ की कागदाचा तंतू मोजावा. फक्त रेघ धूसर.

"अगं, आज चहा मिळणार आहे का नुसता वास?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

"देते, आई."

दिला. स्वतःचा कप टेबलावर ठेवला आणि विसरली.

मग तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती इतकी वर्षं जी बघत होती ती तिने स्वतः कापून ठेवलेली चौकट होती. फोटोतला क्रियापदापुरता तुकडा. व्याख्यानात तोच, लेखात तोच, पुस्तकात तोच. अख्खं पान तिने शेवटचं कधी बघितलं होतं? आठवेना. मोठं करून बघायची सवय लागली की माणूस मागे सरकून बघायचं विसरतो.

तिने अख्खं पान उघडलं. जुना, चहाच्या डागाच्या रंगाचा कागद. समासात किड्यांनी पाडलेली भोकं, पांढरीशुभ्र. फोटो काढणाऱ्यांची ती रीत असते. पानाला भोकं असली की मागे कोरा पांढरा कागद सरकवायचा, म्हणजे मागच्या पानाची अक्षरं भोकांतून डोकावत नाहीत. समासाच्या मागे कागद सरकवला होता. पण त्याची कड, नीट बघितलं तर, समास संपताच थांबली होती. ओळींपर्यंत कागद पोचलाच नव्हता.

भिंगवालीने रेघेभोवती बघितलं. रेघेच्या चारी बाजूंनी, केसाएवढी, एक उजळ किनार होती. ती किनार तिने शंभरदा बघितली असेल. कागदाचा पोत, असं तिने गृहीत धरलं होतं.

पुढचं काम तिने भराभर केलं, जसं दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. त्या पानाची पाठ उघडली. बरोबर त्या जागी, उलट बाजूला, एक तपकिरी ठिपका होता. तिच्या नोंदींत तिने त्याला 'डाग' म्हटलं होतं. मग पुढचं पान उघडलं. त्यावर वजनमापांची यादी होती. तिने लहियिणीचं पान त्या यादीवर ठेवलं, जसं खऱ्या पुस्तकात असतं तसं, आणि वरचं पान हळूहळू अर्धपारदर्शक करत नेलं. रेघ होती तिथेच राहिली. बाकीची ओळ विरघळत गेली आणि रेघेच्या डावीउजवीकडून एक अक्षर वर आलं. वजनाच्या मापातलं पहिलं अक्षर. त्याची मांडी, म्हणजे मधला आडवा फराटा, तीच ही रेघ.

तिने वरचं पान पुन्हा गडद केलं. रेघ. फिकं केलं. मांडी.

ज्या भोकातून पांढरं दिसतं ते भोक म्हणून कळतं. यातून काळं दिसत होतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं.

तरी आशा मोठी चिवट असते. पानं फोटोत जरा सरकतात. योगायोगही असतो. मूळ पान बघितल्याशिवाय काही म्हणता येत नाही, असं ती विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची. स्वतःला आज पहिल्यांदा सांगत होती. तिने ग्रंथालयात फोन लावला.

ग्रंथपाल तिला चांगला ओळखत होता. सहली वाढल्या त्या तिच्यामुळे, हे तो मान्य करायचा.

"मूळ प्रत?" तो म्हणाला. "मॅडम, त्याला अर्ज, अर्जाला समिती, समितीला बैठक. आणि बैठकीला चहा. चहाची तरतूद संपली आहे."

"मला हातात नको. तुम्हीच फक्त लहियिणीच्या ओळीचं पान उघडा, त्याच्यामागे एक पांढरा कागद सरकवा आणि मला फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवा."

"कशासाठी?"

"खात्री करायची आहे."

"खात्री कसली? बाई तिथेच आहे. मी रोज पाटीवरची धूळ झटकतो तिच्या." पण तो उठला असावा, कारण किल्ल्यांचा आवाज आला. "तुमच्या पुस्तकासाठी म्हणून करतो हं. समितीला कळलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

बऱ्याच वेळाने फोनवर चित्र उमटलं. आधी छत, मग त्याचा शर्ट, मग राखाडी फोमच्या उशीवर ठेवलेलं पुस्तक. भिंगवालीने ते पहिल्यांदाच पुस्तक म्हणून बघितलं. तिच्या कल्पनेपेक्षा लहान होतं. तळहाताच्या जरासं मोठं. इतकी वर्षं पडद्यावर बघून तिला ते दाराएवढं वाटत होतं.

"ही बघा तुमची रेघ," ग्रंथपाल म्हणाला. कॅमेरा थरथरत खाली आला. "ठणठणीत आहे."

"आता कागद सरकवा. हळू."

त्याची बोटं दिसली. पांढऱ्या कागदाची पट्टी पानाखाली शिरली, समासातून आत, शब्दांखालून पुढे.

ग्रंथपाल म्हणाला, "मॅडम. बाई गेली."

त्याने पट्टी मागे ओढली.

"आली." पुन्हा सरकवली. "गेली." त्याचा आवाज एकदम खाली आला होता, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. "असं कसं हो?"

"भोकाच्या कडेला शाई आहे का? कुठेही, टिपकाभर?"

"चष्मा लावतो... नाही. कड कोरडी आहे. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं भोक. बस."

"म्हणजे तिथे आधी रेघ होती का नव्हती..."

"ते किड्याला माहीत." तो थांबला. "मॅडम, पाटीचं काय करू? सिमेंट भरून बसवलीय. काढली तर भिंतीचा पोपडा येईल."

"अजून काही करू नका."

"तुम्ही काय करणार?"

तिला ते माहीत असतं तर बरं झालं असतं. तिने आभार मानले, फोन ठेवला, आणि घरभर फिरली. कपडे वाळले होते ते काढले. घड्या घातल्या. नवऱ्याचा शर्ट उलटा घडी झाला, तो सोडला, पुन्हा उलटाच झाला. नवरा कामासाठी परगावी होता. त्याला फोन करावा असं वाटलं आणि काय सांगायचं ते न सुचून राहून गेलं. मैत्रिणीचा निरोप येऊन पडला होता: 'हो म्हण आणि सुटका कर माझी.'

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. "काय झालंय? मघापासून मांजरीसारखी या खोलीतून त्या खोलीत चाललीयेस."

ती सांगणार नव्हती. पण त्या समोर बसल्या, आणि भिंगवालीने पडद्यावर रेघ आणली, पान फिकं केलं, गडद केलं. समजावून सांगावं लागलंच नाही. सासूबाईंनी आयुष्यभर प्रती केल्या होत्या. मागचं पान पुढच्या पानात कसं घुसतं ते त्यांना नवं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"ग्रंथपालाला. आणि आता तुम्हाला."

"ग्रंथपाल बोलेल?"

"आई."

"अगं, विचारतेय फक्त. पुस्तक बंद पेटीत. बघायला कोण जातंय? फोटोत तर रेघ आहेच ना?"

"फोटोत आहे. पानावर नाही."

"जगाला फोटोच दिसतो." त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मला एक सांग. तो जुना सूचीवाला. त्याने हे पान हातात घेतलं होतं. त्याला भोक दिसलं असणार."

"दिसलं असणार."

"आणि त्याने लिहिलं, लहिया पुरुष."

"हो."

"कशावरून?"

भिंगवालीने पडद्यावरचं पान पुन्हा फिकं केलं.

"कशावरून लिहिलं ते सांग ना. भोकावरून?" सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, पण धार आली होती. "त्याला नाही कोणी पुरावा मागितला. इतकी वर्षं तो पुरुष होता, तेव्हा कोणाची झोप उडाली नाही. आता बाई झाली तर भाजीसुद्धा सुचेना तुला. देठं पातेल्यात टाकलीस, मी बघितलं."

"तुमचं बरोबर आहे. पण त्याने चूक केली म्हणून मी करू?"

"मी म्हणते गप्प बस. चूक कर म्हणत नाही."

"एकच आहे ते, आई."

"तुझ्यासाठी असेल." त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. "मी जन्मभर गप्प बसले, ती काय चूक होती?"

त्या आत गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर सोपं झालं असतं.

भिंगवाली खुर्चीत बसली. आता फिरायलाही जागा उरली नव्हती. तिने पुस्तकाचं ते प्रकरण उघडलं आणि रेघेबद्दलची सगळी पानं खोडली. त्याजागी काय लिहावं ते सुचेना. लिहिलं, खोडलं. 'बहुधा' लिहिलं, खोडलं. तो शब्द तिला पळवाट वाटला. शेवटी लिहिलं: 'या जागी कागदाला भोक आहे. लिहिणारी व्यक्ती बाई होती असे मी अनेक ठिकाणी सांगितले. ते मला सांगता येत नव्हते. पुरुष होती असे माझ्याआधी ज्यांनी लिहिले, त्यांनाही ते सांगता येत नव्हते.' शेवटचं वाक्य सासूबाईंचं होतं. ते तिने तळटीपेत टाकलं नाही, मजकुरातच ठेवलं.

मग मैत्रिणीला फोन केला.

"हो म्हणतेयस ना?" मैत्रीण म्हणाली.

"नाही." आणि तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे मी रेघेचं पुस्तक विकायला काढलंय आणि रेघ नाही."

"भोक आहे."

"वा. भोकाचं पुस्तक. दुकानदार नाचतील." मैत्रिणीने श्वास सोडला. "तुला हे महिनाभर आधी दिसलं असतं तर काय बिघडलं असतं गं?"

"काहीच नाही. उलट बरंच वाचलं असतं."

"छापायचं की नाही ते मला आत्ता सांगता येणार नाही. मुखपृष्ठ गेलं, नाव गेलं, जाहिरात गेली. तुझी व्याख्यानं आठव. लोक तोंडावर विचारतील."

"विचारू देत."

"तू म्हणतेस तेवढं ते सोपं नसतं. रात्रीपर्यंत कळवते." तिने फोन ठेवला. निरोप न घेता फोन ठेवण्याची तिची ही पहिलीच वेळ.

एकच गोष्ट राहिली होती. भिंगवालीने अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. 'त्या लहियिणीला आणि आईंना.' तिने 'त्या लहियिणीला' एवढं निवडलं आणि खोडलं. ओळ डावीकडे सरकली.

'आणि आईंना.'

"आता माझ्या वाट्याला 'आणि' का?"

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नव्हतं. त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं, आणि त्यातून काढलेला, घडीवर झिजलेला कागद.

"काढते, आई. नुसतं 'आईंना' करते."

"थांब." त्या वाकल्या, पडद्याला नाक लागेल इतक्या. "ते मघाशी जिथे होतं तिथे ने."

"काय?"

"'आणि.' खोडल्यावर पुढे पळून आलं ना? त्याला त्याच्या जागी ने. मधलं मोकळं ठेव."

भिंगवालीने जागा सोडत सोडत शब्द मागे नेले. सासूबाईंनी हातातला कागद पडद्याशेजारी धरला आणि मान तिरपी करून दोन्ही ताडून बघितले, सासऱ्यांची प्रत तपासायच्या तशा.

"अजून एक घर. हां. बास."

आता ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा होती आणि तिच्यानंतर 'आणि आईंना.'

"छापखानेवाल्याला चूक वाटेल," भिंगवाली म्हणाली. "तो ओढून घेईल पुढे."

"मग त्याला लिहून कळव, हात लावू नकोस म्हणून. तुला येतं ते." त्या कागदाची घडी घालू लागल्या. "मला अजून पटलेलं नाही. हे लक्षात ठेव. पण भोकच ठेवायचं असेल तर नीट ठेव. बुजवू नकोस."

"हो."

"आणि ती भाजी मी काढून घेतली कचऱ्यातून. धुऊन ठेवलीय."

त्या आत गेल्या. टेबलावरचा फोन वाजू लागला. मैत्रीण असेल, किंवा चित्रकार, किंवा ग्रंथपाल पाटीबद्दल विचारायला. भिंगवालीने त्याच्याकडे हात नेला, मागे घेतला, आणि आधी छापखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली: 'पहिल्या ओळीतली मोकळी जागा ही चूक नाही.' वाचून बघितलं. 'ही' खोडावा का, असा विचार करत ती थांबली. फोन वाजतच होता.